काय रे, माळ घातलीस का?

थर्टी फर्स्ट मला सोपा जातो. लोकांना हे पटत नाही. डिसेंबरची वीस तारीख उलटली की ज्यांना माहितीये मी दारू सोडलीये ते एकदम मायेने बोलायला लागतात, "मग यंदा काय, घरीच ना?", जणू एकतीसला माझं ऑपरेशन ठरलंय. पण त्या दिवशी सगळं उघड असतं हो. बार पहाटे पाचपर्यंत चालू राहणार हे सरकारच जाहीर करतं, एक दिवसाच्या परवान्याची बातमी पेपरात येते, विदेशीला ५ रुपये आणि देशीला २ (महाराष्ट्रात प्यायला कायद्याने परवाना लागतो हे बऱ्याच जुन्या पिणाऱ्यांना त्या बातमीवरूनच कळतं), चौकात अंनिसची मंडळी "द दारूचा नव्हे, द दुधाचा" म्हणत दूध वाटत असतात आणि पुढच्या सिग्नलला पोलीस तोंडासमोर नळी धरून उभे असतात, पहिल्याच वेळेला १०,००० पर्यंत दंड. आज काय आहे हे मला माहिती, बायकोला माहिती, दारू सोडलेल्यांच्या आमच्या ग्रुपला माहिती. आमची मीटिंग असते, ती संपली की कुणाच्या तरी घरी पावभाजी, बारा वाजले की मिठ्या मारायच्या आणि आपापल्या घरी.

आमच्यातलाच एक जण एकतीसची रात्र झकास काढून दोन जानेवारीला पडला. नाव नाही सांगत. ऑफिस सुरू झालेलं, साधा दिवस, पार्टी नाही, आग्रह नाही, संध्याकाळी स्टेशनबाहेर एकटाच गेला आणि घेतली. नंतर मीटिंगमध्ये शेअर करताना म्हणाला, "एकतीस निघाला ना, मग मला वाटलं झालं आता." हे "झालं आता" माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच, कारण आपल्याकडे वर्षभर, प्रत्येक सणाला, दारूच्या बाबतीत हेच चालतं.

ख्रिसमस ते न्यू इयर हा सीझन इंग्रजी वेबसाइटवाल्यांचा. आपला सीझन गटारीपासून सुरू होतो. आषाढातली अमावस्या, घराघरात दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, कणकेचे दिवे करायचे, आणि त्याच दिवशी, किंवा खरं तर आधीच्या रविवारी, मटणाच्या दुकानाबाहेर सकाळी सातपासून रांग. माळशेज, लोणावळ्याला पोलीस बंदोबस्त. दोन्ही एकाच घरात होतं, आई दिव्यांना हळद-कुंकू लावतेय आणि मुलगा ग्रुपवर "किती जण, कॉन्ट्री किती" विचारतोय. मला त्यात काही ढोंग वगैरे वाटत नाही, पूर्वीपासून चालत आलंय. पण गटारीचं सगळं लॉजिक एवढंच आहे की उद्यापासून महिनाभर बंद, म्हणून आज भरून घ्या.

आणि मग श्रावण. इथे माझं मत जरा कडू आहे. श्रावण पाळणं ही पिणाऱ्या माणसाची सगळ्यात भारी पळवाट आहे. मी स्वतः कित्येक वर्षं कडक श्रावण पाळला, कांदा-लसूण सुद्धा नाही, सोमवार उपाशी, आणि घरात काही बोलणं निघालं की तोच पुरावा पुढे करायचो, "मला व्यसन असतं तर महिनाभर राहिलो असतो का?" बायको गप्प व्हायची, कारण या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर आता मला माहितीये. महिनाभर राहता येतं ते महिना संपणार आहे म्हणून. श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात मी पोळ्याची तारीख ज्या भक्तीने बघायचो तेवढं शेतकऱ्याचं पोरसुद्धा बघत नसेल.

यात एक गोष्ट आहे जी कुणी मोठ्याने बोलत नाही. रोज पिणारा माणूस श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद करतो तेव्हा पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, चिडचिड होते. घरचे म्हणतात उपवास झेपत नाहीये, साबुदाणा खा, लिंबू-सरबत घे. तो उपवास नसतो. मेंदूला रोजच्या दारूची सवय झालेली असते आणि तिचा दाब एकदम काढून घेतला की मज्जासंस्था उसळते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास व्हायला लागतात, माणूस बरळतो, अंगावर किडे चढताहेत म्हणतो, याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर माणूस यात जाऊ शकतो. दर वेळी सोडून परत सुरू केली की पुढच्या वेळचा त्रास वाढत जाऊ शकतो, म्हणजे दरवर्षी श्रावण पाळणारा आपलं शरीर दरवर्षी आणखी पेटतं करून ठेवतो. त्यामुळे रोज घेणाऱ्याने मनाला आलं म्हणून किंवा पंचांग बघून एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरला गाठावं. बायकांनो, नवऱ्याचे हात थरथरत असतील तर वरईचा भात घालत बसू नका, दवाखान्यात न्या.

आणि महिना संपला की? १९७८ साली अमेरिकेत फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी एक गोष्ट मांडली. एरवी हृदयाचा आजार दिसत नसलेली माणसं वीकेंडला किंवा सुट्ट्यांमध्ये जास्त पिऊन नंतर धडधड घेऊन हॉस्पिटलात येतात, ठोक्यांची लय बिघडलेली असते. नाव पडलं हॉलिडे हार्ट. आपल्याकडे पोळ्याच्या रात्री महिन्याचा अनुशेष भरून काढणाऱ्यांच्या छातीत काय होत असेल ते बघा, बाकी सकाळी सगळे म्हणतात ॲसिडिटी झाली.

असो. मुद्दा तारखेचा आहे.

सोडल्यानंतरचं पहिलं वर्ष मी सगळीकडे खोटं बोललो आणि ते खोटं मला तेव्हा शहाणपणाचं वाटत होतं. लग्नात, हळदीला, ऑफिसच्या पार्टीत. "अँटिबायोटिक चालू आहे." "आज मंगळवार आहे." "उद्या ब्लडटेस्ट आहे." "शुगर बॉर्डरवर आलीये." ही कारणं मस्त चालतात, समोरचा लगेच ऐकतो, वर काळजीने विचारतो कुठली गोळी. पण अँटिबायोटिकचा कोर्स पाच दिवसांचा असतो, मंगळवारनंतर बुधवार येतो, आणि ज्याला कारण दिलंय तो नीट लक्षात ठेवतो. माझा एक मित्र, मनाने फार चांगला, त्याने माझ्या अँटिबायोटिकचा हिशोब ठेवून बरोबर पुढच्या शनिवारी फोन केला, "कोर्स संपला ना? चल." त्याची काय चूक. मीच त्याला तारीख दिली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे ती तारीख मी मलाही दिलेली होती, आतमध्ये कुठेतरी एक जण बसून दिवस मोजत होताच.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, ज्याला शेवटची तारीख आहे असं कारण द्यायचं नाही.

मग द्यायचं काय? इथे आपल्या समाजाची एक गंमत आहे. माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही. गळ्यात तुळशीची माळ दिसली की गावातला सगळ्यात बेरकी पिणारासुद्धा बाटली बाजूला सरकवतो, "बुवा आहेत, त्यांना कोकम द्या." कुणी म्हणत नाही की एका घोटाने काय पंढरपूर लांब जाणार आहे. माळ उतरवायची नसते हे सगळ्यांना माहिती असतं, तिला श्रावणासारखा शेवट नाही. वारकरी संप्रदायाने किती शतकं किती घरं अशी वाचवली असतील कोण जाणे, व्यसनमुक्ती केंद्र हा शब्द जन्माला यायच्या आधी हे काम माळेनेच केलंय. मी दोन-तीन ठिकाणी नाही म्हटलं की हमखास प्रश्न यायचा, "काय रे, माळ घातलीस का?" आणि मी नाही म्हटलं की लगेच पुढचं वाक्य, "मग घे की!"

म्हणजे देवासाठी सोडली तर मान आहे, डॉक्टरसाठी थांबवली तर सहानुभूती आहे, पण "मला ती झेपत नाही, एक घेतली की मी थांबत नाही" हे कारण आपल्याकडे कारणच धरत नाहीत. मी एकदा, एका साखरपुड्यात, सरळ सांगून टाकलं की मी अल्कोहोलिक आहे. दोन सेकंद शांतता आणि मग मावसभाऊ मला धीर द्यायला लागला, "छे रे, तू कसला अल्कोहोलिक, तू कधी गटारात पडलेला मी पाहिला नाही." गटारात न पडणं ही आपल्याकडे नॉर्मल असण्याची अट आहे. मी कधीच पडलो नाही, रोज व्यवस्थित घरी यायचो, चप्पल स्टँडवर ठेवायचो.

आता थोडं ग्रुपबद्दल. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं १९३५ साली, अमेरिकेत ओहायोमधल्या ॲक्रन गावी. वॉल स्ट्रीटवर काम करणारा बिल विल्सन, पिणं सुटून काहीच महिने झालेले, धंद्याच्या कामाने परगावी आलेला, काम फिसकटलेलं, शनिवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी मदर्स डे. हॉटेलच्या लॉबीत तो फेऱ्या मारत होता, एका बाजूला बारमधला आवाज आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन केला, कुणीतरी दारूडा भेटेल का बोलायला म्हणून चौकशी करत गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या सर्जनशी, तोही बुडालेलाच. दोघं काही तास बोलत बसले. पुढचं सगळं त्यातून झालं. मला ही गोष्ट आवडते ती लॉबीसाठी. सणाच्या दिवशी परक्या गावात एकटा माणूस आणि संगत कुणाची मिळेल तर बारची, हे इतकं ओळखीचं आहे की ॲक्रनच्या जागी रत्नागिरी किंवा नाशिक लिहिलं तरी चालेल.

तिथे जे सांगतात ते म्हणजे फक्त आजचा दिवस. आज पहिला पेग टाळा, उद्याचं उद्या. मला सुरुवातीला वाटलं ही तर श्रावणापेक्षाही छोटी मुदत झाली, चोवीस तास. मग फरक काय? बराच विचार केल्यावर मला जे कळलं ते असं, श्रावणात मी शेवटाकडे तोंड करून बसलेला असायचो, महिना हा रस्ता आणि दारू हे ठिकाण. आजच्या दिवसाच्या शेवटी काहीच ठेवलेलं नसतं, नुसती झोप. सकाळी उठून परत आजच. पोळा येतच नाही. सांगायला सोपं आहे, आणि बोलताना मी जरा शहाणा वाटतोय हे मला कळतंय, पण सणाच्या दिवसांत हेच उलटं होतं. प्रत्येक सणाला आदी-अंत असतो, आणि तो निघाला की माणूस "झालं आता" म्हणतो, त्या दोन जानेवारीवाल्यासारखा.

गोळीचंही तेच. डायसल्फिराम नावाची गोळी असते, ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठतं, तोंड लालबुंद होतं, उलट्या, धडधड, बीपी खाली. त्या भीतीने माणूस पीत नाही. कुणाकुणाला खूप मदत होते, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पण तिचा असर शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि हे गणित पिणाऱ्यांना डॉक्टरपेक्षा पाठ असतं. गटारीच्या आधी पंधरा दिवस "गोळीने पित्त होतंय" म्हणून बंद करणारे महाभाग आमच्या ग्रुपमध्ये हसत हसत कबूल करतात.

यातला घाणेरडा प्रकार म्हणजे लोकलच्या डब्यात चिकटवलेले ते कागद, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा, भाजीत मिसळा, चहात मिसळा. कुणी ती पावडर आणतं, कुणी मेडिकलमधून मिळवलेली तीच गोळी कुटून आमटीत घालतं. घातली आमटीत, नवऱ्याला माहिती नाही, आणि आला सण, भावाने पाजली चार पेग. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे त्याचं काय होईल? मी बायकांची तडफड समजू शकतो, माझी बायको त्यातून गेलीये, पण हे करू नका. विचारायचं असेल तर विचारायला जागा आहेत, पुण्यातलं मुक्तांगण आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं, एए आहे, घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. अल-अनॉनमध्ये माझी बायको माझ्याआधी गेली होती, मी अजून पीत असताना, हे मला फार उशिरा कळलं.

आता गणपती, कारण कोकणातल्या माणसाला विचाराल तर खरी परीक्षा तीच. कुडाळच्या पुढे आमचं गाव, आणि गोवा इतकं जवळ की बाटलीवरची किंमत बघून मुंबईकर चाकरमानी हळवा होतो. गणपतीसमोर कुणी पीत नाही, घरात तर नाहीच. पण आरती झाली, भजन झालं, उसळ-पाव आणि चहा झाला की पडवीच्या मागे, मांगराकडे, बॅटरीच्या उजेडात हळूच एकेक जण. सगळे चुलतभाऊ, वर्षातून एकदाच भेटणारे. तिथे नाही म्हणणं म्हणजे दारूला नाही म्हणणं नसतंच मुळी, ते भावकीला नाही म्हणणं असतं. "एक घेतलंस म्हणान काय मरतलस? पाप लागला तर माका लागात." यावर काय बोलणार? प्रेमच असतं ते. ज्याच्याशी जमिनीवरून भांडण आहे तो कधी आग्रह करत नाही, हे मी बघून ठेवलंय.

आणि मग राखण. बाहेरच्यांना माहिती नसेल म्हणून सांगतो, आमच्याकडे गावाचा, शेताचा राखणदार असतो, गोव्यात देवचार म्हणतात, त्याला वर्षातून एकदा मान द्यायचा. कोंबडा, नारळ, विडी आणि दारू. म्हातारा जाणता माणूस गाऱ्हाणं घालतो, बा देवा म्हाराजा, पोराबाळांक सुखी ठेव, आणि आम्ही सगळे "व्हय म्हाराजा". मग थोडी दारू राखणदाराला, उरलेली प्रसाद. म्हणजे बघा, मुंबईत मी मंगळवार सांगून सुटत होतो, इथे देवच पाजतोय. सोडल्यानंतर पहिल्यांदा त्या जागेवर गेलो तेव्हा माझे पाय जड झाले होते, बायको म्हणाली होती जाऊच नको, पण घरातला मोठा मीच, न जाऊन चालणार नव्हतं.

गाऱ्हाणं झालं, स्टीलचा पेला फिरत फिरत माझ्यापर्यंत आला, चुलतभावाने पुढे केला. मी काही बोलायच्या आत गाऱ्हाणं घालणारे आजोबा, जे स्वतः पट्टीचे पिणारे, अगदी सहज म्हणाले, "तेका नको. तेचो वाटो आता राखणदाराचो." आणि पेला घेऊन माझ्या वाटणीचा घोट पाषाणावर ओतला. बस. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी मी काही न सांगता तसंच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही, आता तर भाऊच आधी माझा वाटा ओततो आणि मग स्वतः घेतो. मला आजोबांना कुणी काय सांगितलं होतं का ते माहिती नाही, मी विचारलं नाही. मी फार देवभोळा नाही, पण माझ्यातर्फे कुणीतरी माझा वाटा कायमचा देऊन टाकला आणि सगळ्या भावकीच्या देखत दिला, तारीख न घालता, याने जे झालं ते माझ्या पन्नास कारणांनी झालं नव्हतं. एए, आमचा राखणदार आणि वारकऱ्यांची माळ, तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण मला ती एकाच घरातली वाटतात.

गणपतीनंतरचं भराभर सांगतो कारण त्यात फार नाट्य नाही. पितृपक्षात आजोबांना आवडायची म्हणून पानाशेजारी क्वार्टर ठेवणारी घरं मी पाहिलीयेत, त्या पानाची नंतर विल्हेवाट कोण लावतो हे बघून ठेवा. कोजागिरी खरं तर आपला सण आहे, रात्रभर जागायचं आणि मसाला दूध, याहून चांगलं काय, पण सोसायटीच्या गच्चीवर दूध बायका-पोरांना आणि पुरुष टाकीच्या मागे. दिवाळीत गिफ्ट येतं, खोक्यात सुकामेवा असेल म्हणून उघडावं तर आत बाटली. ती घरात ठेवायची नाही, "पाहुण्यांसाठी राहू दे" पण नाही, लगेच देऊन टाकायची किंवा सिंकमध्ये. सिंकमध्ये ओतताना सासरे हळहळले होते, तेवढी महागाची. त्यांचं बरोबर आहे, महागच होती.

हां, आणि एक बारीक गोष्ट जी गोळी घेणाऱ्यांना कामाची, सणात पोट बिघडलं की आजी लोक द्राक्षासव पुढे करतात. आसव-अरिष्टात आंबवल्यामुळे अल्कोहोल तयार होतोच, बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचा. झिरो बीअरबद्दल ग्रुपमध्ये भांडणं होतात, माझं मत विचाराल तर नको, त्या कॅनचा "फस्स" आवाजच माझ्यासाठी पुरेसा आहे.

घरच्यांच्या बाजूबद्दल कुणी लिहीत नाही. सणाच्या दिवशी मी बाहेरून आलो की बायको दार उघडताना एक क्षण जवळ येते. वास घेते. ती ते मुद्दाम करत नाही, तिला कळतही नसेल, इतक्या वर्षांची सवय आहे. सुरुवातीला मला प्रचंड राग यायचा, आता मीच दारात जरा थांबतो, घे बाई. मुलीचं वेगळंच, तिला सण आवडत नाहीत. दिवाळीत तिच्या मैत्रिणी किल्ला करायच्या आणि ही खिडकीत, बाबा कसे येतात ते बघायला. आता मोठी झालीये, अजून सणाच्या सकाळी तिचा चेहरा आखडतो. मी सोडली म्हणून तिचे मागचे सण परत येत नाहीत. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, फराळाची भांडी मी घासतो एवढंच.

लोक टिप्स विचारतात म्हणून, जे मी खरंच करतो तेवढं. जेवून जातो, उपाशी पोटी पार्टीला जाणं हा मूर्खपणा आहे, भुकेची तलफ आणि दारूची तलफ मला अजून नीट वेगळी कळत नाही. हातात भरलेला ग्लास ठेवतो, कोकम, सोडा, काहीही, रिकामा हात दिसला की यजमानाला राहवत नाही. गाडी स्वतःची नेतो पण सगळ्यांचा ड्रायव्हर होत नाही, कारण मग शेवटच्या माणसाचं शेवटचं रडगाणं संपेपर्यंत अडकून पडावं लागतं, आणि दहानंतर त्या बैठकीत तसंही कुणी काही नवीन बोलत नाही, तेच वाक्य चौथ्यांदा. साडेनऊला निघतो. कुणाचा निरोप घेत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक जण राहतो, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, रोजचा आहे. परवा लिफ्टमध्ये भेटला, म्हणाला, "दादा, यंदा आपणपण श्रावण कडक, तुमच्यासारखंच." हात खिशात होते त्याचे. मी त्याला आधी डॉक्टरचा नंबर दिला, घाबरवलं थोडं, ते तर करायलाच हवं होतं. मग म्हटलं, श्रावणात तुला माझी गरज नाही, तेव्हा सगळी मुंबई तुझ्याबरोबर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी चहाला ये. तो हसला, म्हणाला त्या दिवशी तर कंपनीतली पोरं बोलावतायत, बघू. मी म्हटलं पोरं आठनंतर जमतात, तू साडेसहाला ये, मी ऑफिसमधून लवकर निघतो.